बर्फ चार बोटं

केळझरला आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत एक छोटा फळा होता. रजेवर कोण आहे, कुणाचा तास कुणी घ्यायचा, एवढंच त्यावर लिहिलं जाई. मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं दिसलं: ‘कोटधार. वरच्या उतारावर बर्फ चार बोटं. वारा पश्चिमेचा. स्कीइंग नाही.’

बाहेर ऊन होतं. खिडकीतून कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बाया दिसत होत्या. मी फळा दोनदा वाचला आणि विचारलं, “हे कुणी लिहिलंय?”

“मी,” कोपऱ्यात चेंडूला टाके घालत बसलेल्या ताकसांडे बाई म्हणाल्या. “आजच कार्ड आलं. मागच्या आठवड्यात दोनच बोटं होता.”

एवढं सांगून त्यांनी दाताने दोरा तोडला. कोटधार कुठे आहे, तिथल्या बर्फाशी आमच्या शाळेचा काय संबंध, हे काही त्यांनी सांगितलं नाही. समोरच्याने विचारल्याशिवाय खुलासा करायचा नाही, ही त्यांची पद्धत होती.

प्रमिला ताकसांडे आमच्या शाळेच्या खेळाच्या शिक्षिका. वय तिशीच्या आसपास, उंची बेताची, खांदे रुंद. हिंगणीहून सायकलने यायच्या. साडी गुडघ्याखाली क्लिपांनी आवळलेली, पायांत कापडी बूट, पदराच्या टोकाला बांधलेली शिट्टी. रस्त्यातल्या माणसांना त्या सायकलची सवय व्हायला दोन वर्षं लागली असं मला सांगण्यात आलं. त्यांना स्वतःला मात्र लोकांच्या बघण्याची सवय करून घ्यावी लागली नसावी. त्यांचं लक्षच नसे.

मी साताऱ्याकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे वर्ध्याला आलेली. इथली बोली कानाला बसायला मला वेळ लागला, आणि ती बसवली ताकसांडे बाईंनी. त्यांचं एक वाक्य साऱ्या शाळेला पाठ होतं. कुणी म्हणालं, “उद्या तपासणी आहे म्हणे,” की बाई मान वर न करता विचारायच्या, “अंदाज हाय का खात्री?” कुणी म्हणालं, “गाडी उशिरा येईल,” तरी तेच. मुलांनी “बाई, आमी जिंकू” म्हटलं तरी तेच. मुख्याध्यापक वयाने आणि स्वभावाने मऊ होते. ते बाईंच्या समोर ‘बहुतेक’ हा शब्द वापरायचंच टाळत.

कोटधारचा उलगडा मला हळूहळू झाला. बाईंचे वडील बोर धरणाच्या कामावर मजूर होते. आई शेतावर रोजाने जायची. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा बाई लहान होत्या, पण आपल्या पोरीने शिकायचंच हे त्या दिवशी बापाने ठरवलं, असं त्या सांगत. पुढे त्या शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करत असताना कॉलेजने काही मुलींना हिमाचलात, कोटधारला, गिर्यारोहणाच्या शिबिराला पाठवलं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी या मुलींना स्कीइंगची चुणूक दाखवायचं ठरलं. बाईंच्या पायांत स्की बांधल्या गेल्या. त्या उताराच्या माथ्यावर उभ्या राहिल्या. आणि शिक्षकाने खाली वाकून बर्फ मुठीत दाबला, पाणी गळताना पाहिलं आणि सांगितलं की आता बर्फ कुजला, आज नाही.

“स्की बांधल्या, अन् सोडल्या,” बाई म्हणाल्या. “चालत खाली आली मी.”

“मग?”

“मंग काय. आता जाणार हाय. अन् सहा पोरी घेऊन जाणार हाय.”

त्या ठिकाणी बर्फाची आणि हवेची नोंद ठेवायला एक निरीक्षक होते, नेगीजी. शिबिरात बाईंनी त्यांचा पत्ता लिहून घेतला होता. दर हिवाळ्यात त्या त्यांना पत्र टाकत आणि नेगीजी हिंदीत, आखूड ओळींत, कार्डावर उत्तर देत: किती पडला, कसा आहे, ओला की कोरडा, पुढच्या आठवड्याचा अंदाज काय. आठ वर्षांची ती कार्डं बाईंनी दोऱ्याने बांधून ठेवली होती. आमच्या साऱ्या जिल्ह्यात हिमालयातल्या एका उतारावरच्या बर्फाची इतकी खडान्‌खडा माहिती असलेली ती एकच व्यक्ती असणार.

त्या वर्षी कोटधारला शाळकरी मुलामुलींसाठी दहा दिवसांचा स्कीइंगचा वर्ग निघाला आणि बाईंनी अर्ज केला. नववीतल्या सहा मुली. संस्थेच्या सचिवांनी अट घातली की बरोबर दोन शिक्षिका हव्यात. दुसऱ्या दिवशी बाई प्रयोगशाळेत आल्या आणि म्हणाल्या, “जानेवारीत तुमी माह्यासंग येऊन राह्यल्या.” हा प्रश्न नव्हता. मी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं तेव्हा ते ठरलेलंच आहे, अशा स्वरात विचारलं.

मुलींच्या घरी परवानगी मागायला आम्ही दोघी जायचो. त्यातलं कवडूजींचं घर मी विसरले नाही. कवडूजी म्हणजे सुनंदाचे वडील. चांगले कसणारे शेतकरी, बोलायला सभ्य. सुनंदा शाळेतली सगळ्यात चपळ मुलगी. आम्ही ओसरीवर बसलो. आतून चहा आला. मला आणि कवडूजींना कपबशी, आणि बाईंना वळचणीला वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप. तो कुणासाठी असतो ते मला कळलं आणि मी माझी कपबशी खाली ठेवली. बाईंनी मात्र चहा पिऊन टाकला. मग उठल्या, अंगणातल्या रांजणाजवळ गेल्या, कप राखेने घासला, धुतला, आणि सरळ घरात जाऊन मांडणीवर इतर कपांच्या रांगेत नेऊन ठेवला. बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “आता पोरीचं बोलू.”

कवडूजींनी आत मांडणीकडे नजर टाकली. मग म्हणाले, “पोरीले पॅन्ट घालून बर्फात कायले नेता, बाई?”

“घसराले.”

“घसरून काय भेटते?”

“पडाले भेटते. अन् उठाले. इथं पडली त सारं गाव पाह्यते, म्हणून पोरी पडतच नाईत. तिथं कोणी पाह्यत नाई.”

“हातपाय मोडला त?”

“मोडू शकते,” बाई म्हणाल्या. “मोडणार नाई असं मी म्हणणार नाई. पण जिथं मोडनच असं वाटन, तिथं मी उभी राहीन. तेवढं लिहून घ्या.”

दाराआडून सुनंदाच्या आईचा आवाज आला, “जाऊ द्या न जी.” कवडूजींनी सही केली.

डिसेंबरभर सराव चालला. शाळेमागच्या टेकडीवर गवत वाळून पिवळं झालेलं होतं आणि त्यावरून चप्पल घसरायची. बाईंनी सुताराकडून बांबू चिरून घेतले, पुढची टोकं पाण्यात भिजवून वाकवली, सायकलच्या जुन्या ट्यूबने ते बांबू मुलींच्या बुटांना बांधले. मुली खाकी पॅन्ट घालून, हातात तुराट्या धरून, गवतावरून घसरत खाली यायच्या आणि कुसळांनी भरून जायच्या. बाई खाली उभ्या राहून ओरडायच्या, “गुडघे. गुडघे वाकव. पाय दगड झाले का तुये?” शिवणाच्या तासाला मुली स्वतःचे स्वेटर विणत होत्या. गावातली माणसं टेकडीच्या कडेला बसून बघत. पहिल्या आठवड्यात हसली, दुसऱ्यात कंटाळली.

नेगीजींचं कार्ड नाताळच्या सुमाराला आलं. एक हात बर्फ पडून गेला होता. त्यानंतर कोरडी थंडी, आभाळ साफ. अंदाज: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणखी पडेल. बाईंनी फळ्यावर तसंच लिहिलं, आणि ‘पडेल’च्या पुढे कंसात ‘अंदाज’.

वर्ध्याहून दिल्ली, दिल्लीहून पठाणकोट, पुढे दिवसभर बस. कोटधारला उतरलो तेव्हा मुलींनी पहिल्यांदा बर्फ पाहिला. तो घाणेरडा होता. मधूनमधून दगड वर आलेले, गवताची टोकं दिसत होती. लिफ्ट म्हणजे एक फिरती दोरी. ती धरायची आणि ती वर ओढून न्यायची. ती बंद होती. नेगीजी भेटायला आले. पन्नाशीचा बारीक माणूस, लोकरीची टोपी, डोळ्यांभोवती उन्हाने पडलेल्या रेघा. बाईंनी इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला, “कब गिरेगा?”

“आज नहीं. कल भी नहीं, बहनजी,” ते म्हणाले.

सहा दिवस बर्फ पडला नाही. नेगीजी रोज सकाळी दोरीजवळच्या फळ्यावर लिहीत: बर्फ किती, कसा, वारा कुठला, धोका किती. आमच्या मुली रोज तो फळा वाचायला धावत आणि मान खाली घालून परत येत. वर्गाला आलेली दिल्लीकडची मुलं पत्ते खेळत होती. ताकसांडे बाईंनी मुलींना रिकामं बसू दिलं नाही. खरे स्की बूट घालून सपाटीवर चालायला लावलं, पडून उठायला लावलं, दिवसात शंभरदा. संध्याकाळी मुलींचे पाय सुजलेले असत. त्या स्वतः नेगीजींच्या लाकडी खोलीत जाऊन त्यांचं काम बघत बसत. बर्फात रोवलेल्या रंगीत खांबावरचे आकडे त्या आता स्वतः वाचू लागल्या होत्या.

सातव्या दिवशी आभाळ भरलं. दोन दिवस बर्फ पडला आणि वारा इतका सुटला की समोरची इमारत दिसेना. दहाव्या दिवशी, म्हणजे आमच्या शेवटच्या दिवशी, सकाळी निळंभोर आभाळ, आणि सारा डोंगर पांढरा, एकही सुरकुती नसलेला. मुली उजाडण्याआधीच बूट बांधून बसल्या होत्या. सुनंदाला नाश्ता गेला नाही.

आम्ही दोरीपाशी पोचलो तेव्हा नेगीजींच्या फळ्यावर लिहिलं होतं, ‘धोका ज़्यादा. ढलान बंद रखें.’ मुली बघत असतानाच तिथल्या मॅनेजरने येऊन तो फळा उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. दोरी सुरू झाली.

“मैडम, नेगी हर साल डराता है,” ते हसून बाईंना म्हणाले. “बच्चियाँ इतनी दूर से आई हैं. आज जैसी बर्फ़ फिर नहीं मिलेगी.”

नेगीजी बाजूला उभे होते. त्यांनी खांद्यावर फावडं घेतलं आणि बाईंना म्हणाले, “आइए.”

उताराच्या कडेला, सुरक्षित जागी, त्यांनी कमरेइतका खड्डा खणला आणि एक भिंत सपाट तासली. वरचा थर जाड, घट्ट, वाऱ्याने थापून बसवलेला. त्याच्याखाली, जमिनीलगत, वेगळाच थर होता. नाताळाआधी पडलेला बर्फ कोरड्या थंडीत तसाच राहून त्याचे सुटे दाणे झाले होते. सुनंदाने हात घातला तर ते बोटांतून निसटून खाली आले.

“बाई, हा त रवा हाय,” ती म्हणाली.

“इसी रवे पर सारा बोझ बैठा है,” नेगीजी म्हणाले. वरचा मोठा उतार त्यांनी फावड्याने दाखवला. त्यावरचा बर्फ सुटला तर खाली जिथे नवशिक्या मुली शिकणार, नेमकं तिथेच येऊन थांबणार होता.

बाईंनी विचारलं, “अंदाज़ है कि पक्का?”

“अंदाज़ ही है, बहनजी. पक्का तो गिरने के बाद होता है.”

बाई त्या खड्ड्यात उभ्या राहिल्या. वर बघितलं, खाली बघितलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. त्यांचा जबडा हलत होता, काही चावत असल्यासारखा. आठ वर्षं ज्या उतारासाठी कार्डं जमवली तो समोर होता, दोरी फिरत होती, आणि दिल्लीची मुलं ओरडत वर चालली होती. मग त्या खड्ड्यातून वर आल्या आणि मुलींना म्हणाल्या, “बूट काढा.”

कुणीच हललं नाही.

“बूट काढा म्हनलं ना.”

मी त्यांना बाजूला घेतलं. मला आज याची लाज वाटते, पण मी मुलींच्या बाजूने बोलले. म्हटलं, “बाई, बाकी सगळे जाताहेत. एकदा तरी जाऊ द्या. गावी जाऊन काय सांगायचं आपण?”

“जाऊन राह्यले ते. दिसते मले.”

“काही होणार नाही हो.”

“शिंदे बाई, लिहून देता का? आज काई होणार नाई असं. मी सही घेते तुमची, अन् नेते पोरीले वर.”

मी वाकून सुनंदाचे बूट सोडू लागले.

त्या दिवसभरात काहीही झालं नाही. तो उतार जागचा हलला नाही. दिल्लीची मुलं संध्याकाळपर्यंत घसरत होती, खिदळत होती, आणि आमच्या सहा मुली राहायच्या खोलीच्या खिडकीत बसून बघत होत्या. रडत होत्या. बाईंनी त्यांची समजूत घातली नाही, गाणी म्हणायला लावली नाहीत, खिडकीपासून उठवलंही नाही. त्यांच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, “पाहा. वळताना वजन कोणत्या पायावर टाकते ते पाहा. थो लाल टोपीवाला चुकून राह्यला. काऊन चुकला सांगा.” तासाभराने एक मुलगी नाक पुसत म्हणाली, “मांगं झुकून राह्यला थो.” “बरोबर,” बाई म्हणाल्या. “आता थो निळा पाहा.”

सुनंदा मात्र परतीच्या प्रवासात त्यांच्याशी बोलली नाही. दिल्ली गेली, झाशी गेली, बाईंनी दिलेला डबा तिने उघडला नाही. नागपूर मागे पडल्यावर ती उठून बाईंच्या समोर येऊन बसली.

“पुन्हा नेता का?”

“नेईन.”

“अंदाज हाय का खात्री?”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांचंच वाक्य त्यांना कुणी परत दिलेलं मी तेव्हाच पाहिलं. “खात्री,” त्या म्हणाल्या. सुनंदाने डबा उघडला.

शाळेत जे व्हायचं ते झालं. सचिवांनी बोलावलं. एवढ्या दूर मुली नेऊन त्यांना खोलीत बसवून ठेवलंत, लोक काय म्हणतील, असा एकंदर सूर होता. बाई म्हणाल्या, “नेल्या मीच, बसवल्या बी मीच.” सचिव म्हणाले की यापुढे असल्या गोष्टीला शाळेचं नाव लागणार नाही. “नका लावू जी,” बाई म्हणाल्या आणि कबड्डीचा तास होता म्हणून निघून आल्या. शिक्षकखोलीत आठवडाभर थट्टा चालली. कुणीतरी फळ्यावर लिहिलं, ‘कोटधार. बर्फ भरपूर. बघायला मिळेल.’ बाईंनी ते पुसलं नाही. दोन दिवसांनी माझ्याच हाताने पुसलं.

पुढे तीनेक आठवड्यांनी त्या प्रयोगशाळेत आल्या आणि नेगीजींचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. आम्ही निघाल्यावर चौथ्या दिवशी पहाटे वरचा उतार सुटला होता. नवशिक्यांची सपाटी पूर्ण गाडली गेली, दोरीचे खांब वाकले. त्या वेळी तिथे कुणी नव्हतं.

मी म्हटलं, “चला, शिक्षकखोलीत लावू. सचिवांना दाखवू.”

“नाई.”

“काऊन?” माझ्याही तोंडी आता त्यांचा शब्द आला.

“आपण होतो त्या दिवशी नाई पडला ना. मंग काय दाखवू?” त्यांनी कार्ड उचललं. “पडला म्हणून मी बरोबर, अन् नसता पडला त चूक, असं हाय का ते? रवा त त्या दिवशीच हाती लागला होता.”

ते कार्ड त्यांनी इतर कार्डांच्या गठ्ठ्यात बांधून टाकलं. मीही कुणाला बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढचा हिवाळा आला तेव्हा मुली दहावीत होत्या. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना हलवणं शक्य नव्हतं. बाईंनी नेगीजींना लिहिलं: परीक्षा मार्चअखेर संपते, तेव्हा बर्फ असेल का? उत्तर आलं की खाली नसेल, पण वर, सावलीच्या अंगाला, चैत्रातही असतो. रात्री घट्ट होतो, सकाळी चांगला असतो. ‘नौ बजे के बाद नहीं.’ या पाच शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली होती.

एका मुलीचे वडील बदलून गेले होते, एकीचा साखरपुडा झाला होता. उरल्या चार. शाळेचं नाव नव्हतं, वर्ग नव्हता, सवलत नव्हती. बाईंनी बिनपगारी रजा घेतली. पुन्हा घरोघर गेल्या. कवडूजींच्या ओसरीवर चहा आला, तिघांनाही एकाच घडणीच्या कपांत. कवडूजींनी एवढंच विचारलं, “या वर्षी घसरतीन का?”

“बर्फ कसा राहीन त्यावर हाय,” बाई म्हणाल्या. “पोरी तयार हायेत.”

केळझरला दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायला लागलं होतं तेव्हा आम्ही पुन्हा निघालो. मी स्वतःहून गेले. या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

कोटधार ओस होतं. हंगाम संपला होता, मॅनेजर बदलून गेले होते, खाली हिरवं गवत. नेगीजी रोज पहाटे आम्हाला वर नेत, तासभर चढण. पोचल्यावर ते काठी खुपसून, टाचेने दाबून, तीन-चार जागी बर्फ बघत. त्यांच्या मागून बाई बघत. मग नेगीजी मान डोलावत आणि मुली सुरू करत. दोरी नव्हती. एकदा खाली यायचं तर पुन्हा चालत वर जायचं. शिकवायलाही नेगीजीच.

पहिल्या दिवशी सगळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी सुनंदा माथ्यापासून पायथ्यापर्यंत न पडता आली. दोन वळणं घेतली, थांबली, आणि थांबल्यावर काय करायचं ते न सुचून तशीच उभी राहिली. बाकीच्या तिघी तिच्यामागून आल्या. कुणाची टोपी उडाली, कुणी बसकण मारली. खिडकीतून पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या. वळताना वजन बरोबर पायावर पडत होतं.

मुली मोकळ्या झाल्यावर बाई म्हणाल्या, “आता मी.”

नेगीजींनी त्यांच्या स्की बांधल्या. बाईंनी वाकून मूठभर बर्फ घेतला, दाबला. पाणी गळलं नाही. त्या सरळ रेषेत निघाल्या. वळणं त्यांना येत नव्हती, शिकायला वेळच घेतला नव्हता, सगळा मुलींवर घालवला होता. गुडघे वाकलेले, दात घट्ट आवळलेले, चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नाही. एखादं जड ओझं डोक्यावर घेऊन नाला ओलांडणाऱ्या बाईचा चेहरा असतो तसा. खालच्या झुडपांत जाऊन त्या थांबल्या. आम्ही धावलो. त्या फांद्यांतून बाहेर आल्या, गालावर ओरखडा, आणि स्की खांद्यावर टाकून वर चालू लागल्या.

“लागलं का?” मी विचारलं.

“लागलं थोडं,” त्या म्हणाल्या, आणि चालत राहिल्या.

त्या सकाळी त्या चार वेळा खाली आल्या. चौथ्या वेळी झुडपांच्या अलीकडे थांबल्या. सुनंदा टाळ्या वाजवायला लागली तर तिच्यावर डाफरल्या, “काठ्या कोण धरन?” पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. ओलसर होता. त्यांनी पाठ फिरवून चष्मा पुसला. असा चष्मा की जो त्या खेळताना कधी घालत नसत आणि त्या दिवशीही घातला नव्हता, खिशातून काढून पुसला.

नऊ वाजले. नेगीजींनी हात वर केला. ऊन पाठीवर चढलं होतं, बर्फाचा रंग बदलला होता. सुनंदा म्हणाली, “बाई, एक डाव अजून. तुमचा पाचवा.”

“घड्याळ पाह्य,” बाई म्हणाल्या आणि बर्फात बसून स्वतःच्या स्की सोडू लागल्या.

त्यानंतर त्या कोटधारला गेल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “जाचं होतं, गेली. आता दुसरं काम हाय.” नेगीजी निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. कार्डं थांबली. चार मुलींपैकी एक सेवाग्रामला नर्स झाली, दोघी संसाराला लागल्या, सुनंदा बाईंसारखीच खेळाची शिक्षिका झाली. स्कीइंग त्यांतल्या कुणी पुन्हा केलं नाही. कुठे करणार?

ऐंशीनंतर बाई समुद्रपूरच्या एका शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून गेल्या. केसांत पांढरं दिसू लागलं होतं, पण शिट्टी पदराला होतीच. आमची बदली ठरली, वर्धा सोडायचं होतं, म्हणून मी त्यांना भेटायला गेले. त्यांच्या ऑफिसात बसून चहा घेतला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निरोप घेताना त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत, उंच उडीचा तास आहे म्हणाल्या. “पोचल्यावर पत्र टाकजो,” एवढंच. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी एकेरीत बोलल्या.

मी एसटीत बसले. शाळेच्या मैदानाला वळसा घालून रस्ता जातो. तिथे पुढे बैलगाड्यांची रांग होती म्हणून गाडी थांबली. खिडकीतून मैदान दिसत होतं. दोन खांबांवर आडवी काठी लावलेली, पलीकडे वाळूचा खड्डा. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी धावत यायची आणि काठीजवळ येऊन थांबायची. दोनदा थांबली. तिसऱ्यांदा तिने हाताने खूण केली, काठी खाली घ्या अशी. बाईंनी मान हलवली, नाही. मग त्या स्वतः वाळूच्या खड्ड्यात उतरल्या. दोन्ही हातांनी वाळू उकरली, खडे वेचून बाहेर फेकले, गुडघे टेकून जागोजागी तळव्याने दाबून पाहिलं. सगळा खड्डा तपासून झाल्यावर त्या बाहेर येऊन कडेला उभ्या राहिल्या, हातांची वाळू झटकली आणि मुलीकडे बघून म्हणाल्या, “ये.”

मुलगी मागे जायला लागली, धाव घेण्यासाठी. तेवढ्यात बैलगाड्या सरकल्या आणि आमची गाडी सुटली.